सरपंचांचं वजन

म्हशीचं वजन मला नुसत्या नजरेने सांगता येतं. दहा-पंधरा किलो इकडेतिकडे होतील, त्यापेक्षा जास्त नाही. मांजराच्या बाबतीत मात्र नजर साफ फसते. सगळा केसांचा पसारा असतो, आणि त्यातलं खरं मांजर किती हे हात लावल्याशिवाय कळत नाही. पाठीवर हात ठेवून दोन्ही बाजूंनी बोटं खाली सरकवायची. बरगड्या बोटांना सहज लागल्या तर मांजर ठीक. दाबूनही लागल्या नाहीत तर मालकाशी बोलायची वेळ झालेली असते.

हे मला शिकायला उशीर झाला, कारण माझी निम्मी कारकीर्द म्हशींमध्ये गेली. परभणीला पशुवैद्यकी शिकले, यजमानांच्या केंद्र सरकारी नोकरीमुळे दिल्लीत आले, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये संसार मांडला आणि शहराच्या कडेच्या गावांमधून गोठे तपासत फिरले. पुढे त्या गावांच्या शेतात द्वारका नावाची नवी वसाहत उभी राहिली. सेक्टरमागून सेक्टर, सोसायटीमागून सोसायटी. म्हशी आणखी बाहेर गेल्या आणि त्यांच्या जागी सातव्या मजल्यावर कुत्री-मांजरं राहायला आली. दुकानात परदेशी खाण्याची चकचकीत पाकिटं दिसू लागली. मी नोकरी सोडली आणि एका सोसायटीच्या बाजारात दोन खोल्यांचा दवाखाना थाटला. मदतीला सतबीर होता, पन्नाशीचा, त्याच जमिनीवर ज्यांच्या म्हशी चरायच्या त्या घरातला. जनावर धरण्यात त्याच्यासारखा माणूस मी पाहिला नाही.

एका सकाळी शिरसाट पतिपत्नी प्लास्टिकचा भाजीचा क्रेट दोन बाजूंनी उचलून दवाखान्यात आले. क्रेटमध्ये एक नारिंगी बोका होता. मांजराच्या पिंजऱ्यात तो मावत नव्हता. सतबीरने आत डोकावून पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "डॉक्टर साब, ये बिल्ली नहीं है, कटड़ा है." कटड़ा म्हणजे आपलं रेडकू.

"नाव काय?" मी विचारलं.

"सरपंच," शिरसाटसाहेब म्हणाले. "म्हणजे आम्ही ठेवलं नाही. तो बसायचाच तसा."

दिल्लीत समोरचा माणूस मराठी निघाला की पुढची पंधरा मिनिटं गाव, आडनाव आणि भाकरीचं पीठ कुठे मिळतं यात जातात. तशी गेली. शिरसाटसाहेब सरकारी खात्यात छायाचित्रकार होते. निवृत्तीनंतर द्वारकेत फ्लॅट घेतला. मालतीताई सोसायटीतल्या बालवाडीत दुपारी एकपर्यंत शिकवायच्या. साहेब उंच, देखणे, बोलायला गोड. हिमाचलात बर्फात तीन दिवस अडकून एक फोटो कसा काढला ते त्यांनी मला सांगितलं. मी सरपंचाचे दात तपासून होईपर्यंत त्यांनी ते पुन्हा सांगितलं. मी मनात म्हटलं, निवृत्त माणसं, सांगायला कोणी नसतं बिचाऱ्यांना. जनावराच्या चालीतला बारीकसा फरकही मला दिसतो. तो दिवस आठवला की मला स्वतःचा राग येतो.

सरपंचाचं वजन भरलं आठ किलो चारशे ग्रॅम. त्याच्या चणीच्या बोक्याचं साडेपाच, फार तर सहा असावं. घरात आणखी दोन मांजरी होत्या, बुंदी आणि काजळ, आणि त्या सडसडीत होत्या. तिघांचं खाणं एकाच परातीत, दिवसभर भरलेलं.

इथे थोडं धंद्याचं सांगते. घरात एकच मांजर असेल तर त्याला बारीक करणं सोपं असतं. तीन असली की कोण किती खातं हेच कळत नाही. जाडं मांजर सगळ्यांचं खातं आणि बारीक मांजरी लाजून मागे सरतात. शिवाय मांजराला उपाशी ठेवायचं नसतं. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही, तर अंगातली चरबी यकृतात साचते आणि ते दगावू शकतं. गुडगावच्या एका गृहस्थांना मी नुसतं "कमी खायला घाला" एवढंच सांगितलं होतं. किती कमी, ते सांगितलं नव्हतं. त्यांनी चार दिवस मांजरीपुढे काही ठेवलंच नाही. ती आली तेव्हा तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. ती वाचली नाही. तेव्हापासून मी सगळं कागदावर लिहून देते.

मालतीताईंनाही लिहून दिलं. परात बंद. तिघांची तीन भांडी, तीन जागा. बुंदी-काजळचं भांडं कपाटावर, कारण सरपंच तिथे चढू शकत नाही. त्याचं न्हाणीघरात, दार लावून. दिवसातून दोनदा, वाटीने मोजून. आणि दर दुसऱ्या रविवारी वजन. मांजर काट्यावर बसत नाही, म्हणून घरी वजन करण्याची एक साधी युक्ती आहे. माणसाने मांजराला घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने उभं राहायचं, आणि वजाबाकी करायची. साहेब म्हणाले, "ते काम माझं." त्यांनी गुडगावच्या नव्या मॉलमधून आकडे दाखवणारा काटा आणला.

दीड महिन्याने मालतीताई वही घेऊन आल्या. सरपंच आठ किलो सातशे झाला होता.

मी म्हटलं, "ताई, घरात कोणीतरी त्याला वरचं खायला घालतंय."

"घरात आम्ही दोघंच आहोत. मी माझ्या हाताने मोजून घालते."

"मोलकरीण?"

"ती मांजरांना घाबरते." त्यांचा चेहरा उतरला होता. "डॉक्टर, मी चाळीस मुलांच्या डब्यांवर लक्ष ठेवते हो. एका मांजरावर ठेवता येणार नाही का मला?"

मला त्यांचं पटलं नाही. माझ्या अनुभवात प्रत्येक लठ्ठ जनावरामागे एक प्रेमळ खोटारडं माणूस असतं. मी म्हटलं, रविवारी सकाळी मी घरी येते आणि नुसती बसते.

त्या रविवारी नऊ वाजता मी त्यांच्या दिवाणखान्यात पेपर घेऊन बसले. खिडकीतून मेट्रोचे अर्धवट खांब दिसत होते. मालतीताई स्वयंपाकघरात होत्या. साहेबांनी माझी विचारपूस केली, बर्फाच्या फोटोची गोष्ट सांगितली, मग उठून कपाटातला मांजरांच्या कोरड्या खाण्याचा डबा काढला. झाकण वाजलं. "या सरपंच, सकाळपासून उपाशी असाल," ते म्हणाले, आणि मूठभर दाणे तळहातावर घेऊन खाली बसले. सरपंच सोफ्याखालून आला, सगळं खाल्लं. साहेबांनी डबा जागेवर ठेवला, हात धुतले, पेपर उघडला.

मी मनात म्हटलं, सापडला चोर. आणि बोलणार तेवढ्यात ते पुन्हा उठले. पेपर उघडून पंधरा मिनिटंही झाली नव्हती. कपाट, डबा, झाकण. "या सरपंच, सकाळपासून उपाशी असाल."

आवाज तोच, शब्द तेच. लपवाछपवी नव्हती त्यात. माझ्यासमोर, माझ्याकडे बघून हसत त्यांनी त्याला पुन्हा भरवलं, दिवसातलं पहिलंच खाणं असल्यासारखं. मग तिसऱ्यांदा. मग चौथ्यांदा. माझ्या हातातला पेपर खाली आला होता.

पण त्या सकाळी मी खरी थक्क झाले ती बोक्याकडे बघून. बुंदी आणि काजळ पहिल्या हाकेला आल्या, दुसरीला मान वर केली आणि नंतर ढिम्म हलल्या नाहीत. पोट भरलेलं मांजर हाकेला येत नाही, ही मांजराची जातच आहे. सरपंच मात्र प्रत्येक हाकेला उठला. पाचव्या वेळी त्याचं पोट जमिनीला लागत होतं, त्याला धाप लागली होती. खोली ओलांडायला त्याला मध्ये एकदा बसावं लागलं. तरी तो आला. साहेबांच्या तळहातावरचा एकच दाणा त्याने तोंडात घेतला, चावला नाही, आणि कपाळ त्यांच्या मनगटावर टेकवून तसाच उभा राहिला. त्याला भूक नव्हती. ते बोलावत होते म्हणून तो येत होता. तीस वर्षं जनावरांत काढून मी हे पाहिलं नव्हतं.

मी स्वयंपाकघरात गेले आणि मालतीताईंना हाताला धरून दाराशी आणून उभं केलं. त्यांनी पुढच्या दोन वेळा पाहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "परवा हे दूध आणायला गेले आणि तासाने रिकाम्या हाताने आले. म्हणाले, दुकान बंद होतं. दुकान उघडं होतं, डॉक्टर. मी वरून बघत होते."

मी जनावरांची डॉक्टर. तरी मला सांगावं लागलं की यांना मोठ्या दवाखान्यात दाखवा. तिथे जे निदान झालं ते आज सगळ्यांना ठाऊक असलेल्या त्या विसरण्याच्या आजाराचं होतं. तेव्हा लोक त्याला नुसतं वय म्हणायचे.

बोक्याचा प्रश्न उरलाच होता. मी सल्ला दिला तो सरळ आणि मूर्खपणाचा होता. म्हटलं, खाण्याच्या कपाटाला कुलूप लावा. मालतीताईंनी लावलं. तीन दिवस साहेब घरभर डबा शोधत फिरले. "मांजर उपाशी आहे आणि तुम्ही लोक बसलाय," असं मोलकरणीला, शेजाऱ्यांना, खाली पहारेकऱ्याला सांगत राहिले. चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या ताटातली तुपाची पोळी सरपंचाला घातली. मालतीताईंनी कुलूप काढलं.

दुसऱ्या दिवशी त्या दवाखान्यात आल्या आणि माझ्या टेबलावर एक कापडी पिशवी पालथी केली. फोटोच्या रोलच्या काळ्या प्लास्टिकच्या डब्या होत्या, राखाडी झाकणाच्या. साहेबांच्या माळ्यावर शेकड्यांनी पडल्या होत्या.

"तुम्ही दिवसाचं खाणं ठरवलंय ना, तेवढंच. फक्त ते बारा डब्यांमध्ये भरते. एकेकीत पंधरा-वीस दाणे. त्यांना बारा वेळा घालू दे."

"आणि डब्या संपल्या की?"

"बघू या."

जे झालं ते मी तिथे जाऊन पाहिलं नसतं तर माझा विश्वास बसला नसता. साहेब सकाळी बाराही डब्या सदऱ्याच्या उजव्या खिशात टाकायचे. डबी काढायची, अंगठ्याने झाकण उडवायचं, सरपंचाला खायला घालायचं, झाकण लावायचं आणि डबी डाव्या खिशात. कोरा रोल उजवीकडे, वापरलेला डावीकडे, अशी पस्तीस वर्षांची सवय. आपण मांजराला मघाशीच घातलंय हे त्यांना आठवत नव्हतं. पण त्यांच्या हातांना आठवत होतं. डाव्या खिशातली डबी त्यांनी चुकूनही पुन्हा उघडली नाही. उजवा खिसा रिकामा झाला की तो चाचपायचे आणि म्हणायचे, "आज रोल संपले." एवढंच. चिडचिड नाही, शोधाशोध नाही.

मी शिकले त्या कुठल्याही पुस्तकात हा उपाय नव्हता. मालतीताईंना मी तसं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "संसार केलाय हो यांच्याशी."

वजन उतरू लागलं. मांजराचं वजन घाईने उतरवायचं नसतं, महिन्याला दोनशे ग्रॅम म्हणजे उत्तम. आठ-पाच, आठ-तीन, आठ-एक. साहेब दर दुसऱ्या रविवारी बोक्याला कवेत घेऊन काट्यावर उभे राहायचे, मग एकटे. मालतीताई वहीत दोन्ही आकडे लिहायच्या आणि वजाबाकीखाली लाल रेघ मारायच्या. सरपंच सोफ्यावर उडी मारू लागला. स्वतःची पाठ स्वतः चाटू लागला. इतके दिवस मान तिथवर पोचत नव्हती. दहाव्या महिन्यात तो सहा किलो आठशेवर आला, तेव्हा मी ती वही दवाखान्यात ठेवून घेतली, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला. असा अभिमान मला एखाद्या अडलेल्या म्हशीला सोडवूनही वाटला नव्हता.

वही दोन दिवस टेबलावर होती. तिसऱ्या दिवशी सतबीर टेबल पुसताना थांबला. त्याला वाचायची फारशी सवय नव्हती, पण आकडे कळायचे. बराच वेळ तो पानं मागे-पुढे करत राहिला.

"डॉक्टर साब, बिल्ली तो ठीक है. पर ये आदमी किधर जा रहा है?"

मी वही ओढून घेतली. पहिल्या पानावर साहेबांचं एकट्याचं वजन सदुसष्ट किलो. मग सहासष्ट, चौसष्ट, बासष्ट. शेवटच्या पानावर अठ्ठावन्न. दहा महिने ते आकडे माझ्या डोळ्यांसमोर होते. मी फक्त लाल रेघ बघत होते.

मी तशीच उठून त्यांच्या घरी गेले. मालतीताई नुकत्या बालवाडीतून आल्या होत्या. वही बघून त्या खुर्चीत बसल्या. "मीच लिहिलेत हे," म्हणाल्या. "माझ्या अक्षरात. पँट सैल झाली तर मी पट्ट्याला नवं भोक पाडून दिलं, डॉक्टर."

साहेब आतून म्हणाले, "कोण आलंय? चहा टाक."

दोन दिवसांत उलगडा झाला. तपासण्यांत दुसरा काही आजार निघाला नाही. सकाळचं जेवण मालतीताई झाकून ठेवून जायच्या. ते साहेब बाल्कनीतल्या कबुतरांना घालायचे. संध्याकाळी ताट वाढलं की म्हणायचे, "आत्ताच तर जेवलो, किती वेळा वाढतेस?" आणि ते इतक्या खात्रीने म्हणायचे की मालतीताईंना वाटायचं, उशिरा जेवले असतील. मांजर कायम उपाशी आणि आपण कायम जेवलेले, अशी त्यांच्या डोक्यात वाटणी झाली होती.

पुढचे काही दिवस वाईट गेले. मालतीताईंनी बालवाडी सोडली. त्या समोर बसून भरवू लागल्या की साहेब तोंड फिरवायचे, कधी हात झटकायचे. आयुष्यात कधी आवाज न चढवलेला तो माणूस. वजन छप्पन्नवर आलं. मालतीताईंनी मला फोन केला तेव्हा आवाज अगदी सपाट होता. "डॉक्टर, मांजराला लिहून दिलंत तसं यांनाही काहीतरी लिहून द्या."

मी एवढंच म्हटलं, "उद्या दुपारी येते."

दुसऱ्या दिवशी टेबलावर साहेबांचं ताट होतं, वरण-भात, भाजी, पोळी. ते ताटाकडे बघतही नव्हते. खिशातून डबी काढून त्यांनी झाकण उडवलं. सरपंच आता चपळ झाला होता. तो आला आणि खाली थांबण्याऐवजी शेजारच्या खुर्चीवर उडी मारून बसला, पुढचे पाय टेबलाच्या कडेवर. साहेबांनी दाणे टेबलावरच ठेवले. त्याने खाल्ले आणि पुढच्या डबीची वाट बघत त्यांच्या हाताकडे बघत राहिला.

मालतीताई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, पाहुणे जेवायला बसलेत आणि यजमान नुसतेच बसलेत. बरं दिसतं का ते?"

साहेबांनी मांजराकडे पाहिलं. मग ताटाकडे. खजील झाल्यासारखे हसले, "खरंच की," म्हणाले आणि एक घास घेतला. मग डबी. मग सरपंच त्यांच्या हाताकडे बघत बसला. "घ्या तुम्हीही," मालतीताई म्हणाल्या. दुसरा घास.

ते जेवण सव्वा तास चाललं. मी पशुवैद्य आहे, मांजर त्यांच्यासाठी थांबत होतं असं मी लिहिणार नाही. त्याला पुढची डबी हवी होती, आणि ती घासानंतरच उघडते हे त्याला दोन-तीन घासांतच कळलं असणार. पण तो सव्वा तास खुर्चीवरून हलला नाही हे मी डोळ्यांनी पाहिलं. बुंदी-काजळ कपाटावरून बघत होत्या. सात घासांनंतर मालतीताई स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ नळ सोडून उभ्या राहिल्या.

मग तोच नेम झाला. डब्या बारावरून अठरा केल्या, दाणे तेवढेच. सरपंच पावणेसहा किलोवर येऊन स्थिरावला आणि साहेब साठ किलोंवर. त्यापुढे दोघांचंही फारसं हललं नाही. मी अजूनही दर महिन्याला जायची. मांजराला माझी गरज उरली नव्हती, मला मात्र जावंसं वाटायचं. वहीतले दोन्ही रकाने आता आम्ही नीट वाचत होतो.

आजार थांबणारा नव्हता. आधी माझं नाव गेलं, मग बर्फाची गोष्ट गेली. दुसऱ्या वर्षी सरपंचाचं नावही गेलं. ते त्याला नुसतं "या" म्हणायचे आणि तो यायचा. शेवटी मालतीताई कोण हे त्यांना कळेनासं झालं. त्या घरात वावरणाऱ्या कोणी बाई होत्या, भल्या होत्या, एवढंच. त्यांना ते अहो-जाहो करायचे.

त्या हिवाळ्यात मी एकदा दुपारी गेले होते. त्या दिवशी मी आणि मालतीताईंनी आधी जेवून घेतलं, पोटभर, त्यांनी वांग्याचं भरीत केलं होतं. मग साहेबांचं ताट वाढलं. सरपंच खुर्चीवर येऊन बसला. डबी, घास, डबी, घास, असं शांतपणे चाललं होतं. आम्ही दोघी भिंतीशी उभ्या राहून बघत होतो.

मध्येच साहेब थांबले. मान वर करून त्यांनी मालतीताईंकडे पाहिलं, अनोळखी माणसाकडे आपण आदराने बघतो तसं, आणि विचारलं, "बाई, तुम्ही जेवलात का?"

मालतीताई म्हणाल्या, "नाही."

"मग बसा," ते म्हणाले, आणि आपलं ताट त्यांच्याकडे सरकवलं.

त्या बसल्या, आणि त्यांनी पोळीचा तुकडा मोडून घेतला.